सारख्याच मापाचे कार्बन, मग तीन आठवड्यांत कसे संपतात?

हंगामी_वायरमन | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. तीन नंबरच्या मिलवर आमची ४५० किलोवॅटची डीसी मोटर आहे. नेमप्लेटवर ६०० व्होल्ट, ८०० अँपिअर, १००० आरपीएम. सहा पोल, सहा आर्म (कार्बन धरणारे दांडे), एका आर्मवर चार कार्बन (म्हणजे ब्रश), एकूण २४. माप २० × ३२ × ५०. या मोटरमध्ये बाहेरची हवा येत नाही, आतलीच हवा वॉटर कूलरमधून फिरत राहते.

पूर्वी कार्बनचा एक संच अख्खा हंगाम काढायचा. यंदा गाळप सुरू होऊन महिना झाला नाही तोवर दुसरा संच घातला. आठवड्याला आठ-नऊ मिलिमीटर झिजतात. कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याच्या तुकड्यांचा फिरता गोल) दोऱ्यासारख्या बारीक रेषा पडल्यात, नख फिरवलं की अडकतं. ठिणगी मात्र फारशी नाही.

एक पुरवठादार म्हणतो कडक ग्रेड घ्या, दुसरा म्हणतो मऊ घ्या. दोघांनीही माप विचारलं, बाकी काहीच विचारलं नाही. कार्बन नक्की कशावरून ठरवतात हे कुणी नीट सांगेल का? मिल थांबली की मागचा सगळा ऊस थांबतो, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभे असतात. जीव टांगणीला लागतो.

---

काजळी | १२ डिसेंबर, रात्री ११:५०

'दोघांनीही माप विचारलं, बाकी काहीच विचारलं नाही' हे वाक्य वाचून झोप आली नाही, म्हणून आत्ताच लिहायला बसलो. मी पुण्यात ब्रशच्या डिझाइनमध्ये तीस वर्षं काढली. तुमच्या मोटरबद्दल बोलण्याआधी थोडं मागून येतो, म्हणजे पुढचं नीट लागेल.

याला 'ब्रश' म्हणतात कारण सुरुवातीला तो खरंच ब्रश होता. जुन्या डायनॅमोंवर तांब्याच्या तारांची जुडी किंवा जाळी कम्युटेटरवर टेकवत. तांबं तांब्यावर घासायचं, ठिणग्या उडायच्या, दोन्ही झिजायचं. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने त्या जागी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. पुढे १८८८ च्या सुमारास अमेरिकेत व्हॅन डेपोल यांनी ट्रामच्या मोटरवर कार्बन लावले आणि मग सगळीकडे तेच झालं.

तांबं वीज उत्तम वाहून नेतं, तरी ते काढून त्याहून कितीतरी जास्त रोध असलेला पदार्थ का लावायचा? ब्रश फिरत्या कम्युटेटरवर बसतो तेव्हा एकाच वेळी दोन-तीन सेगमेंट, म्हणजे कम्युटेटरचे तांब्याचे तुकडे, झाकतो. त्या सेगमेंटना जोडलेली वेटोळी तेवढा क्षण ब्रशमधूनच शॉर्ट होतात, आणि तेवढ्याच क्षणात त्यांच्यातला करंट उलटा व्हायचा असतो. तांब्याच्या ब्रशमधून हा शॉर्टचा करंट बेफाम धावतो आणि सेगमेंट सुटताना ठिणगी पडते. कार्बनचा रोध आणि त्याच्या तोंडाशी पडणारा सुमारे एक व्होल्ट त्या करंटला आवर घालतात. ब्रशचं काम करंट नेणं आहे, तसंच नको तो करंट अडवणंही आहे. माप सारखं असून ग्रेड बदलली तर हे दुसरं काम बिघडतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

ग्रेड म्हणजे काय, तर कच्चा माल आणि भट्टी. पेट्रोलियम कोक, नैसर्गिक ग्रॅफाइट किंवा काजळी (माझं इथलं नाव त्यावरूनच आहे) दळून त्यात डांबराच्या जातीचा पिच मिसळतात, दाबून ठोकळे करतात, हवा न लागू देता हजार अंशांच्या वर भाजतात. इथे थांबलात तर कडक कार्बन मिळतो. तेच ठोकळे पुढे विजेच्या भट्टीत २५०० अंशांच्या वर नेले की इलेक्ट्रोग्राफाइट होतो. ही वाट अ‍ॅचेसन यांनी १८९० च्या दशकात काढली. तुमच्यासारख्या मोठ्या डीसी मोटरला बहुतेक वेळा इलेक्ट्रोग्राफाइटच लागतो. त्यात काजळीचं प्रमाण जास्त असलेल्या ग्रेडचा रोध जास्त, म्हणून त्या अवघड कम्युटेशनला चांगल्या. लहान मोटरना रेझिनने बांधलेला ग्रॅफाइट, कमी व्होल्ट आणि भरपूर करंट असेल तिथे तांबं मिसळलेला. नुसतं 'कडक' आणि 'मऊ' याने काहीच ठरत नाही.

आता माझे प्रश्न:
चालू असताना अँमीटर किती दाखवतो? नेमप्लेटवरचा आकडा नको, रोजचा हवा.
स्प्रिंगचा दाब मोजलाय का?
जुने आणि नवे कार्बन एकत्र घातलेत का?
ऑफ सीझनला मोटरवर काय काय काम झालं? बारीकसारीक सगळं लिहा.

---

शेडमधला | १३ डिसेंबर, सकाळी ७:०५

काजळीकाका, फार छान लिहिलंत. मी भुसावळला लोको शेडमध्ये होतो. डब्ल्यूएएम-४, डब्ल्यूएजी-७ या इंजिनांच्या डीसी ट्रॅक्शन मोटरवर अर्धं आयुष्य गेलं. (डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ला थ्री-फेज मोटर आहेत, त्यांना कार्बनच नाहीत.)

आमच्याकडे कार्बन एकसंध नसायचा. उभा चिरून दोन पाकळ्या आणि वर रबराची गादी. रुळाच्या सांध्यावरून चाक गेलं की मोटर उडते. एकसंध ब्रश असेल तर तो अख्खा उचलला जातो, दोन पाकळ्या असतील तर एक तरी टेकलेली राहते. शिवाय दोन पाकळ्यांमधल्या फटीमुळे आडव्या दिशेचा रोध वाढतो, म्हणजे काका म्हणाले तो शॉर्टचा करंटही कमी होतो. दाबही आमचा जास्त. जमिनीवरच्या मोटरला चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅमच्या आसपास पुरतो, आम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट ठेवायचो. झिज थोडी वाढते, पण धक्क्यात उडालेल्या ब्रशने कम्युटेटर जाळण्यापेक्षा ती परवडते.

वायरमनदादा, दाब मोजायला महागडं काही लागत नाही. कार्बनच्या खाली कागदाची पट्टी सरकवा, कार्बनवर दाबणारं स्प्रिंगचं बोट स्प्रिंग काट्याने वर ओढा, दुसऱ्या हाताने पट्टी हलकी ताणून धरा. पट्टी निसटली त्या क्षणी काटा वाचा. तुमचा २० × ३२ म्हणजे ६.४ चौ. सेंमी. काटा सव्वा ते दीड किलोच्या मधे यायला हवा. चोवीसच्या चोवीस मोजा. एक ढिला असला की त्याच्या वाट्याचा करंट शेजाऱ्यावर जातो.

---

मिक्सरताई | १३ डिसेंबर, दुपारी १:३०

माझं इचलकरंजीला मिक्सर आणि ड्रिल मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक 'कार्बन गेले' एवढंच म्हणून मशीन टेबलावर ठेवतं. काका, मिक्सरला नवे चांगले कार्बन घातले तरी थोडी निळी ठिणगी राहतेच, ती का? वायरमनदादांच्या मोठ्या मोटरला तर फारशी नाही.

---

काजळी | १३ डिसेंबर, दुपारी ३:१०

ताई, मोठ्या डीसी मोटरला मुख्य पोलांच्या मधे इंटरपोल असतात. करंट उलटा व्हायच्या वेळी ते वेटोळ्याला मदत करतात. मिक्सरच्या युनिव्हर्सल मोटरमध्ये त्याला जागाच नाही, त्यात एसी, त्यात पंधरा-वीस हजार आरपीएम. सगळा भार ब्रशच्या रोधावर. म्हणून तिथे रेझिनचा, खूप जास्त रोधाचा ग्रॅफाइट घालतात. थोडी निळी, बारीक ठिणगी चालते. ती लांबट होऊन कम्युटेटरला वेढा घालू लागली तर आर्मेचर (वेटोळी असलेला फिरता भाग) तपासा.

एक विनंती. बाजारात मिळणारा मोठा कार्बन कानशीने घासून मिक्सरच्या होल्डरमध्ये बसवतात, ते करू नका. मापाला येतो, पण तो कदाचित ड्रिलचा किंवा गाडीच्या स्टार्टरचा असतो. स्टार्टरच्या कार्बनमध्ये तांबं असतं, फोडून बघितलंत तर लालसर चमक दिसेल. १२ व्होल्टला ते बरोबर आहे, २३० व्होल्टच्या मिक्सरला ते आर्मेचर खातं.

---

मिक्सरताई | १३ डिसेंबर, दुपारी ४:००

लालसर चमकेचे कार्बन माझ्या डब्यात आहेत काका. आजच वेगळे काढते. ड्रिलच्या काही कार्बनमध्ये आत बारीक स्प्रिंग आणि पांढरी पिन असते, झिजला की पिन बाहेर येऊन मशीन आपोआप बंद पडतं. ते मात्र मला फार आवडतं, कम्युटेटर वाचतो.

---

हंगामी_वायरमन | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

काल पाळी बदलताना अर्धा तास मिळाला. उत्तरं देतो.

अँमीटर ३०० ते ३४० च्या मधे फिरतो. पूर्वी ६५० च्या खाली यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी मिलच्या तोंडाशी दाबून ऊस भरणारा रोलर बसवला, त्याला स्वतंत्र मोटर आहे. तेव्हापासून हिच्यावरचा भार उतरला. मागच्या हंगामात झिज थोडी वाढली होती, पण लक्ष दिलं नाही.

दाब: शेडमधलादादांनी सांगितलं तसं मोजलं. वीस ठीक, १.२ ते १.४ किलो. चार जागी ९०० ग्रॅमच भरला, त्या स्प्रिंगा निळसर पडल्यात.

जुने-नवे एकत्र: होय. डिसेंबरच्या सुरुवातीला मागचे सहा शिल्लक होते ते वापरले. कंपनी वेगळी.

ऑफ सीझनचं काम: कम्युटेटरला टर्निंग केलं (लेथवर ताशून गोल केला), सेगमेंटच्या मधला मायका खोल काढला, बेअरिंग बदलली, कूलरच्या ट्यूब साफ केल्या, तपासणीच्या झाकणांचे गॅस्केट फाटले होते म्हणून त्या जागी सिलिकॉन लावून झाकणं बसवली.

---

काजळी | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

दादा, शेवटची ओळ वाचून उठून उभा राहिलो. ते सिलिकॉन आधी काढा.

सांगतो का. कार्बन थेट तांब्यावर घासत नाही. दोघांच्या मधे एक पातळ थर तयार होतो, तांब्याचा ऑक्साइड, त्यावर ग्रॅफाइट आणि हवेतल्या बाष्पाचा अंश. चांगल्या कम्युटेटरचा चॉकलेटी रंग म्हणजे हाच थर. आम्ही ब्रश डिझाइन करतो म्हणतो, पण खरं तर हा थर टिकेल अशी परिस्थिती डिझाइन करतो. ग्रेड, दाब, करंट, वेग, हवा, सगळं त्याच्यासाठी.

सिलिकॉन सीलंट सुकताना आणि पुढे गरम झाल्यावर बारीक वाफ सोडतो. उघड्या मोटरमध्ये ती उडून जाते. तुमच्यात तीच हवा फिरते, वाफ जायला वाटच नाही. ती ब्रशखालच्या उष्णतेत जळते आणि उरते सिलिका, म्हणजे बारीक वाळू. तांबं आणि कार्बन या दोघांच्या मधे आपण सँडपेपर ठेवल्यासारखं होतं. ठिणगी नसताना झपाट्याने झिज, हे त्याचं ओळखीचं लक्षण आहे.

दुसरं कारण भार. तुमचे आकडे मांडू. तीन पॉझिटिव्ह आर्म, प्रत्येकी चार, म्हणजे बारा ब्रश करंट आत नेतात, बारा बाहेर. ८०० अँपिअरला एका ब्रशवर ६७ अँपिअर, भागिले ६.४, म्हणजे चौ. सेंमीला १०.४ अँपिअर. इलेक्ट्रोग्राफाइटला ८ ते १२ उत्तम, म्हणजे ज्याने मोटर डिझाइन केली त्याचा हिशोब चोख होता. आज ३२० अँपिअरला तो आकडा ४.२ आहे.

मग 'कमी करंट, कमी झिज' असं का होत नाही? उष्णता बघा. ८०० अँपिअरला दोन्ही बाजूंचे मिळून दोन व्होल्ट, म्हणजे १६०० वॅट. ३२० ला फक्त ६४०. पण घर्षण करंट बघत नाही. २४ ब्रशचा मिळून दाब साधारण ३०० न्यूटन, घर्षणांक ०.१५, कम्युटेटरचा व्यास ४८० मिमी धरला तर वेग सेकंदाला २५ मीटर. ११०० वॅटच्या वर जातं. म्हणजे मोटर अर्ध्याहून कमी कामात आहे आणि घासणं पूर्ण चालू आहे. कम्युटेटर थंड राहतो, थर नीट धरत नाही. कार्बनच्या तोंडात तांब्याचे कण रुततात आणि तेच कण रेषा कोरतात. तुमच्या दोऱ्यासारख्या रेषा त्या.

उपाय ब्रश कमी करणं. प्रत्येक आर्मवरचा एकेक काढा, पण *एकाच ओळीतला*, सहाही आर्मवर त्याच जागेचा. कुठलाही काढला तर एका पट्ट्यावर फक्त पॉझिटिव्ह आणि दुसऱ्यावर फक्त निगेटिव्ह फिरत राहतील आणि कम्युटेटर असमान झिजेल. तीन ठेवलेत तर ५.६ अँपिअर पडतील. दोन ठेवले तर ८.३ होतात, आकडा सुंदर आहे, पण ऊस अडकल्यावर मोटर किती ओढते ते बघितल्याशिवाय तिथे जाऊ नका.

वेगळ्या कंपनीचे सहा आजच काढा. कार्बन तापला की त्याचा रोध कमी होतो, म्हणजे जो थोडा जास्त करंट घेतो तो तापतो आणि आणखी घेतो. दोन ग्रेड एकत्र असल्या की ही ओढाताण थांबत नाही.

---

पवनपठार | १५ डिसेंबर, सकाळी ६:५०

साताऱ्याच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. आमच्या काही जनरेटरना कम्युटेटर नसतो, रोटरला स्लिप रिंग (धातूच्या अखंड कड्या) असतात, त्यावर तांबं मिसळलेले कार्बन. आमचा त्रास झिजेपेक्षा धुळीचा. तांबं मिसळलेल्या कार्बनची धूळ वीज वाहते. रिंगच्या मधल्या इन्सुलेशनवर बसली आणि पावसाळ्यात ढग टॉवरला टेकले की मेगरवर इन्सुलेशनचा रोध खाली येतो. दादा, तुमच्या मोटरमध्येही आठवड्याला आठ-नऊ मिलिमीटर कार्बन झिजून गेलाय, तो सगळा आतच आहे. कूलरच्या जाळीत, वाइंडिंगच्या कोपऱ्यात. व्हॅक्युमने ओढा, हवेच्या पाइपने उडवू नका, आणखी आत जातो.

काका, बाष्पाचं म्हणालात ते थंडीत आम्हाला जाणवतं. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात कार्बन जास्त जातात.

---

काजळी | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

अगदी बरोबर. हवेत घनमीटरला ८ ते १५ ग्रॅम पाणी असावं, ५ च्या खाली गेलं की ग्रॅफाइटचा गुळगुळीतपणा जातो. हे दुसऱ्या महायुद्धात विमानांनी शिकवलं. उंचावर गेलेल्या बॉम्बर विमानांच्या जनरेटरचे ब्रश बघता बघता धूळ होऊन जात. ग्रॅफाइट मुळातच निसरडा आहे असा तोवर समज होता. १९४८ मध्ये सॅव्हेज यांनी प्रयोगातून दाखवलं की निसरडेपणा त्याच्या पापुद्र्यांच्या कडांवर बसलेल्या बाष्पाचा आहे. विमानांच्या ब्रशमध्ये युद्धकाळातच बेरियम फ्लोराइड, पुढे मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळू लागले होते. आयुष्यभर या धंद्यात असूनही ही गोष्ट मला आजही थक्क करते.

---

संच_चार | १५ डिसेंबर, रात्री ८:३०

औष्णिक केंद्रातून. स्लिप रिंगवाल्या २१० मेगावॅटच्या संचावर रिंगचा व्यास ४०० मिमी धरला तरी ३००० आरपीएमला घासण्याचा वेग सेकंदाला ६३ मीटर. तिथे नैसर्गिक ग्रॅफाइटचा हलका ब्रश लागतो आणि रिंगवर स्क्रूच्या आट्यांसारखी खाच कोरलेली असते, नाहीतर ब्रश हवेच्या गादीवर तरंगतो. दोन्ही रिंग सारख्या झिजत नाहीत, म्हणून बंदच्या वेळी पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदल करतो. स्लिप रिंगमधून डीसी जातो तिथे ही सवय फार उपयोगी आहे.

---

हंगामी_वायरमन | २२ डिसेंबर, रात्री ११:१०

रविवारी साफसफाईसाठी गाळप बारा तास बंद होतं. केलेलं काम लिहितो.

सहा झाकणांवरचं सिलिकॉन लाकडी पट्टीने खरवडून काढलं, थिनरने पुसलं, रबरी गॅस्केट कापून बसवले. व्हॅक्युमने दीड पिशवी काळी धूळ निघाली. चार निळ्या स्प्रिंगा बदलल्या. प्रत्येक आर्मवरचा बाहेरून दुसरा कार्बन काढला, आता अठरा आहेत, सगळे एकाच खोक्यातले. काचपेपर कम्युटेटरवर गुंडाळून एकेक कार्बन फिरण्याच्या दिशेने घासून बसवला, तोंडावर पूर्ण वळण उमटेपर्यंत. एमरी वापरली नाही, तिचे कण तांब्यात रुततात हे आमच्या जुन्या फोरमननी शिकवलंय. एक होल्डर कम्युटेटरपासून पाच मिलिमीटर वर होता, तो अडीचवर आणला.

रेषा तशाच आहेत. टर्निंग हंगाम संपल्यावर.

---

शेडमधला | २३ डिसेंबर, सकाळी ७:२०

चांगलं काम. आता रोज एकाच चार कार्बनची उंची मोजा, वेगवेगळे मोजू नका. आणि गाळप संपलं की सगळे कार्बन उचलून ठेवा. दमट हवेत महिनोन्‌महिने टेकून राहिले तर त्यांच्याखाली तांबं खातं आणि पुढच्या हंगामात तिथेच टकटक सुरू होते.

---

हंगामी_वायरमन | १९ जानेवारी, रात्री १०:००

चार आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात ३ मिमी झिज, दुसऱ्यात १.५, गेल्या दोन आठवड्यांत मिळून दीड मिलिमीटर. रेषांच्या मधल्या भागावर फिकट चॉकलेटी रंग धरू लागलाय. ऊस अडकल्यावर जास्तीत जास्त ५८० अँपिअर गेले, ठिणगी नाही.

---

काजळी | १९ जानेवारी, रात्री १०:४५

फार आनंद झाला. सिलिकॉन आणि भार दोन्ही एकाच दिवशी दुरुस्त केलंत, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते आता कळणार नाही. चालू कारखान्यात तसंच करावं लागतं. ५८० ला दोन ब्रश ठेवले असते तर चौ. सेंमीला १५ अँपिअर गेले असते, थोड्या वेळाला चालतात. पण या हंगामात तीनच राहू द्या. रंग पूर्ण बसू दे.

---

हंगामी_वायरमन | २७ जानेवारी, रात्री ९:१५

आज पुढच्या हंगामाच्या संचाची मागणी दिली. मापाच्या ओळीखाली हे लिहिलं: इलेक्ट्रोग्राफाइट. नेहमीचा करंट ३२० अँपिअर, जास्तीत जास्त ५८०. कम्युटेटर ४८० मिमी (मोजला काका, अगदी तेवढाच निघाला), १००० आरपीएम. १८ ब्रश. दाब चौ. सेंमीला २०० ग्रॅम. मोटर बंद हवेची, वॉटर कूलर. सर्व नग एकाच ग्रेडचे आणि एकाच बॅचचे.

पुरवठादाराचा दुपारी फोन आला, म्हणाला इतकी माहिती पाठवली आहे तर कम्युटेटरचा फोटोही पाठवा.